‘तर’ आणि ‘तरच’ : मूळ संख्येच्या कसोटीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

स्पर्धापरीक्षांच्या गणितात ‘माहितीची पर्याप्तता’ ह्या नावाचा एक प्रश्नप्रकार रूढ आहे. न ही २० आणि ३० यांच्या दरम्यानची विषम संख्या आहे असे सांगून, ती मूळ संख्या आहे काय, असा प्रश्न विचारण्यात येतो आणि त्याखाली दोन विधाने दिलेली असतात. पहिले विधान : न ला ३ ने नि:शेष भाग जात नाही. दुसरे विधान : न ला ५ ने नि:शेष भाग जात नाही. न म्हणजे नेमकी कोणती संख्या, हे परीक्षार्थ्याने सांगावयाचे नसते. दिलेली माहिती उत्तराला पुरी पडते की नाही, एवढेच त्याने ठरवावयाचे असते.

केवळ पहिले विधान धरले तर २३, २५ आणि २९ ह्या तीन संख्या शिल्लक राहतात. त्यांतील २५ संयुक्त असल्यामुळे माहिती अपुरी ठरते. केवळ दुसरे विधान धरले तर २१, २३, २७ आणि २९ उरतात. तीही माहिती अपुरीच. दोन्ही विधाने एकत्र घेतली म्हणजे २३ आणि २९ एवढ्याच संख्या राहतात आणि त्या दोन्ही मूळ आहेत. तेव्हा न कोणती हे अखेरपर्यंत कळले नाही, तरी ती मूळ आहे हे निश्चित झाले. संख्या अज्ञात आणि निर्णय मात्र नि:संशय, ही ह्या प्रश्नप्रकारातील खरी मौज होय.

हा प्रकार वरवर पाहता परीक्षकाच्या चातुर्याचा वाटतो. परंतु एखादी संख्या मूळ आहे असे म्हणण्यास किती माहिती पुरेशी आहे, ह्याच प्रश्नाने संख्याशास्त्राला सुमारे चार शतके गुंतवून ठेवले आणि त्याचे एक समाधानकारक उत्तर इ. स. २००२ मध्ये भारतात मिळाले. ह्या इतिहासात गणिती चुकांपेक्षा अनुमानाच्या चुका अधिक बोधप्रद आहेत. त्या चुका बहुतेक एकाच जातीच्या आहेत आणि ती जात मराठीत एका अक्षराने दाखविता येते. ‘पाऊस पडला तर पेरणी होईल’ आणि ‘पाऊस पडला तरच पेरणी होईल’ ही दोन भिन्न विधाने होत. पहिल्यात पाऊस ही पेरणीची पुरेशी अट आहे, दुसऱ्यात ती आवश्यक अट आहे. व्यवहारात मात्र ‘तर’ म्हटले असता ऐकणारा पुष्कळदा ‘तरच’ समजतो. ‘अभ्यास केलास तर उत्तीर्ण होशील’ ह्या वाक्यात, न केलास तर होणार नाहीस, हा अर्थ शब्दांत नसूनही ऐकू येतो. मायकेल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी ह्या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली अशा अर्थाला ‘आमंत्रित अनुमान’ अशा आशयाचे नाव दिले. संभाषणात हे अनुमान क्षम्य असते, किंबहुना उपयुक्तही असते. सिद्धतेत ते घातक ठरते.

भारतीय न्यायशास्त्राला हा भेद सुपरिचित होता. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी; परंतु जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नाही. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीवरून धुराचे अनुमान करावयाचे तर ओल्या इंधनाचा संयोग ही आणखी एक अट लागते. तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ह्या प्रसंगी हेच उदाहरण आहे. मूळ संख्येच्या कसोटीचा इतिहास ह्याच क्रमाने गेला : प्रथम एक खरी व्याप्ती सापडली, मग ती उलट करून वापरली गेली, मग तापलेला लोहगोल आढळला, आणि अखेर उपाधीचा शोध सुरू झाला.

२. पूर्ण, परंतु आवाक्याबाहेरची कसोटी

युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ ह्या ग्रंथाच्या सातव्या भागात मूळ संख्येची व्याख्या केली आणि नवव्या भागात मूळ संख्या अगणित आहेत हे सिद्ध केले. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील एराटोस्थेनीस याच्या नावाने ओळखली जाणारी चाळणी ही व्याख्येचाच सरळ उपयोग होय : २ च्या पटी गाळाव्या, मग ३ च्या, मग ५ च्या, आणि जे उरेल ते मूळ. ह्या पद्धतीत एक बारकावा आहे. संयुक्त संख्येचा एखादा अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की काम संपते. आरंभीच्या उदाहरणात ३ आणि ५ यांची माहिती का पुरली, याचे कारण हेच. ३० चे वर्गमूळ ६ हून लहान आहे आणि संख्या विषम असल्याचे आधीच सांगितले होते.

ही कसोटी आवश्यकही आहे आणि पुरेशीही. तिच्यात तार्किक उणीव नाही. उणीव आहे ती मनुष्याच्या आयुष्याची. ३९ अंकी संख्येची ह्या रीतीने परीक्षा करावयाची म्हणजे २० अंकी संख्येपर्यंत भागाकार करीत जावे लागेल. तेव्हा भागाकार न करता संख्येचे मूळत्व दाखवील असे दुसरे एखादे लक्षण हवे होते.

३. फेर्माचे लक्षण आणि त्याचा व्यत्यास

असे लक्षण प्येर द फेर्मा याने १८ ऑक्टोबर १६४० रोजी फ्रेनिक्ल द बेसी याला लिहिलेल्या पत्रात कळविले. त्याचा एक विशेष प्रकार असा मांडता येईल : न मूळ असेल तर २ च्या न-व्या घातातून २ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला न ने नि:शेष भाग जातो. न म्हणजे ७ घेतल्यास १२८ मधून २ जाऊन १२६ उरतात आणि ते ७ च्या अठरापट आहेत. २ च्या जागी दुसरा कोणताही पाया घेतला तरी नियम तोच. फेर्माने सिद्धता दिली नाही; प्रसिद्ध झालेली पहिली सिद्धता ऑयलरची होय आणि ती १७३६ सालची आहे. लायप्निट्सच्या अप्रकाशित कागदांत त्यापूर्वीची सिद्धता आढळली आहे.

ह्या नियमाचा उपयोग एका दिशेने निर्दोष आहे. ९ घेतल्यास ५१२ मधून २ जाऊन ५१० राहतात. त्यांना ९ ने भागल्यास बाकी ६ उरते. म्हणून ९ मूळ नाही. येथे ९ चा अवयव शोधावा लागला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु बाकी उरली नाही तर काय म्हणावयाचे? नियम त्याविषयी मौन पाळतो. त्या मौनाचा अर्थ होकार असा घेण्याचा मोह फार मोठा आहे, कारण लहान संख्यांच्या बाबतीत तो अर्थ खरा ठरतो. २ पासून ३४० पर्यंत एकही अपवाद नाही. लायप्निट्ससारख्या तर्कशास्त्राच्या उपासकालाही हा मोह आवरला नाही. १६८०-८१ च्या सुमाराच्या त्याच्या टिपणांत, न मूळ असल्यावाचून असा भाग जात नाही, असे चुकीचे विधान आढळते. ‘तर’ चे ‘तरच’ झाले ते असे.

स्वत: फेर्माचीही एक चूक येथे नोंदविण्यासारखी आहे. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करीत नेऊन त्या घातात १ मिळविला असता ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ ह्या संख्या मिळतात व त्या सर्व मूळ आहेत. ही मालिका पुढेही अशीच चालेल, असा त्याचा विश्वास होता. पुढची संख्या ४२९४९६७२९७. तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो, असे ऑयलरने १७३२ मध्ये दाखविले. विशेष हे की, पाया २ घेऊन फेर्माच्याच नियमाने ह्या संख्येची परीक्षा केली तर ती परीक्षेत उत्तीर्ण होते, आणि ह्या मालिकेतील प्रत्येक संख्या तशीच उत्तीर्ण होते. जी मालिका तपासावयाची, तिच्यापुरती ही कसोटी आंधळी आहे.

४. ३४१ : तापलेला लोहगोल

जेर्गोन यांच्या फ्रेंच गणित-नियतकालिकाच्या नवव्या खंडात हा व्यत्यास प्रमेय म्हणून छापला गेला होता. पुढच्याच खंडात, १८१९ साली, सारूस ह्या गणितज्ञाने तो असत्य असल्याचे दाखविले. त्याचे उदाहरण ३४१ हे होय. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. अर्थात ही संख्या उघडपणे संयुक्त आहे. आता २ चा दहावा घात १०२४. त्यातून ३४१ ची तिप्पट, म्हणजे १०२३, वजा केल्यास १ उरतो. म्हणून २ च्या दहाव्या घाताची ३४१ ने भागल्यावर बाकी १, आणि ३४० ही १० ची पट असल्यामुळे ३४० व्या घाताचीही बाकी १. त्याला २ ने गुणून २ वजा केले की बाकी शून्य. न च्या ठिकाणी ३४१ घातल्यास लक्षण पूर्णपणे जुळते आणि तरीही संख्या मूळ नाही.

सिद्धता अवघी तीन ओळींची आहे आणि तिला दहाव्या घातापलीकडे आकडेमोड लागत नाही. तरी ती पुढे येण्यास फेर्माच्या पत्रापासून १७९ वर्षे लोटली. अपवाद शोधणे कठीण होते म्हणून एवढा काळ गेला, असे म्हणता येत नाही. शोधण्याची गरजच पुष्कळांना भासली नाही, हे अधिक संभवनीय कारण होय.

५. ‘प्राचीन चिनी प्रमेया’ची दंतकथा

ह्याच चुकीच्या व्यत्यासाला पुढे एक चमत्कारिक वंशावळ लाभली. एकोणिसाव्या शतकातील चिनी गणितज्ञ ली शानलान (१८११-१८८२) याने शांघाय येथे अलेक्झांडर वायली ह्या मिशनऱ्याच्या साहाय्याने युक्लिडच्या ग्रंथाचे उरलेले नऊ भाग चिनीत आणले. पुढे तो पेकिंगच्या तुंगवन ग्वान ह्या संस्थेत गणिताचा अध्यापक झाला. फेर्माचे लक्षण त्याने स्वतंत्रपणे शोधले असे मानण्यात येते. १८६९ साली त्याने ते कसोटी म्हणून वायलीला कळविले आणि वायलीने ते हाँगकाँगच्या एका इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केले. कसोटीत दोन्ही दिशा होत्या : बाकी उरली तर संख्या मूळ नाही, न उरली तर मूळ आहे. वाचकांनी आक्षेप घेतले. १८७२ मध्ये ली शानलान याने मूळ संख्या तपासण्याच्या रीतींवर ‘काओ शू गन फा’ हा लेख लिहिला, त्यात ही सदोष कसोटी त्याने ठेवली नाही. ह्या शीर्षकातील ‘शू गन’ ह्या चिनी संज्ञेचा शब्दश: अर्थ ‘संख्येचे मूळ’ असा आहे. मराठी ‘मूळ संख्या’ ह्या संज्ञेशी तिचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. परंतु दोन असंबद्ध भाषांनी एकच रूपक निवडावे, हे नोंद घेण्याजोगे आहे.

येथवर ही कथा एका चुकीची आणि तिच्या प्रामाणिक दुरुस्तीची आहे. परंतु १८९८ मध्ये जेम्स जीन्स याने, पुढे ज्योतिर्विद म्हणून ख्यातनाम झालेल्या परंतु त्यावेळी केंब्रिजमध्ये विद्यार्थी असलेल्या तरुणाने, एका छोट्या टिपणात असे लिहिले की, दिवंगत सर टॉमस वेड यांच्या कागदपत्रांत कन्फ्यूशियसच्या काळचा एक लेख सापडला असून त्यात हे प्रमेय व त्याचा व्यत्यास दोन्ही आहेत. वेड हे केंब्रिजचे चिनी भाषेचे पहिले प्राध्यापक होते. त्यांच्या नावामुळे विधानाला वजन आले. लिओनार्ड डिक्सन यांच्या संख्याशास्त्राच्या बृहद् इतिहासात, १९१९ मध्ये, चिनी लोकांना फेर्माचे हे लक्षण इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास ठाऊक असावे, अशी नोंद झाली. तेथून ती अनेक पाठ्यपुस्तकांत गेली आणि चुकीच्या व्यत्यासाला ‘चिनी गृहीतक’ हे नाव चिकटले.

जोसेफ नीडम यांनी चीनमधील विज्ञानाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९५९) ही समजूत गैर असल्याचे दाखविले. प्राचीन चिनी गणितात मूळ संख्येची स्वतंत्र कल्पनाच आढळत नाही. मग तिची कसोटी कोठून असणार? हान ची आणि सिउ मान-केउंग यांनी २००८ मधील लेखात ली शानलान, वायली आणि जीन्स यांच्यातील दुवे तपासून ह्या दंतकथेची उकल केली.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. जीन्सच्या विधानावर विसंबणाऱ्यांनी जे केले, ते व्यत्यास मानणाऱ्यांच्या चुकीहून निराळे नाही. एखादा लेख प्राचीन असेल तर त्याच्या प्रती विद्वानांच्या संग्रहात सापडू शकतात. परंतु विद्वानाच्या संग्रहात सापडला म्हणून तो प्राचीन ठरत नाही. संग्रह हे लक्षण आवश्यकही नव्हे आणि पुरेसेही नव्हे. मूळ कागद पाहणे, त्याची भाषा पारखणे आणि त्यातील संज्ञा त्या काळी होत्या काय हे विचारणे, ही येथली उपाधी होती. ती साठ वर्षे कोणी पुरी केली नाही आणि त्याचा भुर्दंड एका संस्कृतीच्या गणिताला बसला. जी चूक ली शानलान याने तीन वर्षांत सोडून दिली, ती त्याच्या पूर्वजांच्या नावावर अडीच हजार वर्षांची म्हणून मांडली गेली.

६. खरी, परंतु निरुपयोगी ठरलेली कसोटी

दोन्ही दिशांनी खरे असणारे एक लक्षण अठराव्या शतकात उपलब्ध होते. १ पासून न च्या आधीच्या संख्येपर्यंत सर्व संख्यांचा गुणाकार करावा व त्यात १ मिळवावा. न मूळ असेल तर आणि तरच त्या बेरजेला न ने नि:शेष भाग जातो. ७ साठी ७२० अधिक १ म्हणजे ७२१, आणि ते ७ गुणिले १०३ आहेत. ६ साठी १२० अधिक १ म्हणजे १२१, आणि त्यांना ६ ने भाग जात नाही. सुमारे इ. स. १००० च्या काळातील इब्न अल्-हैथम याला हा नियम माहीत होता. युरोपात तो एडवर्ड वेअरिंग याने १७७० मध्ये आपला शिष्य जॉन विल्सन याच्या नावे प्रसिद्ध केला आणि लाग्रांजने लगोलग त्याची व त्याच्या व्यत्यासाचीही सिद्धता दिली.

वेअरिंगने असे म्हटले होते की, मूळ संख्या दर्शविणारे चिन्ह नसल्यामुळे अशा प्रमेयांची सिद्धता अवघड जाते. गाउसने १८०१ च्या आपल्या ग्रंथात त्यावर अभिप्राय दिला : अशी सत्ये चिन्हांतून नव्हे, तर कल्पनांतून काढावयाची असतात. लॅटिनमधील दोन समध्वनी शब्दांवर साधलेला हा टोला भाषेच्या अभ्यासकालाही विचारात पाडणारा आहे.

तथापि विल्सनच्या कसोटीसाठी न मोठी असता जेवढे गुणाकार करावे लागतात, त्यापेक्षा साधा भागाकार स्वस्त पडतो. पुरेशी अट मिळाली एवढ्याने भागत नाही. ती अट तपासण्याचे सामर्थ्यही मनुष्याजवळ असावे लागते. ‘पर्याप्त’ ह्या शब्दाला हा दुसरा अर्थ येथून चिकटतो.

७. अधिक साक्षीदार पुरतात काय?

३४१ ने पाया २ ला फसविले, पण ३ ला ती फसवू शकत नाही. ३ च्या ३४० व्या घाताची बाकी १ न येता ५६ येते. तेव्हा एकाऐवजी अनेक पाये घेतले तर फसवणूक टळेल, असे वाटणे साहजिक होते. ही आशाही फोल ठरली. ५६१ म्हणजे ३ गुणिले ११ गुणिले १७; परंतु तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कोणताही पाया घ्या, ५६० व्या घाताची बाकी १ च येते. ५६० ला २, १० आणि १६ ह्या तिन्ही संख्यांनी, म्हणजे प्रत्येक अवयवातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येने, भाग जातो, हे त्याचे कारण. अशा संख्यांचे लक्षण आल्विन कोर्सेल्ट याने १८९९ मध्ये सांगितले, पण उदाहरण दिले नाही. रॉबर्ट कार्मायकेल यांनी १९१० मध्ये उदाहरणे दिली आणि संख्यांना त्यांचे नाव मिळाले. वस्तुत: वाक्लाव शिमेर्का याने त्यांतील पहिल्या सात संख्या १८८५ मध्येच एका चेक नियतकालिकात प्रसिद्ध केल्या होत्या, परंतु तो लेख दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. ह्या सातांतील तिसरी संख्या १७२९ आहे. रामानुजन आणि हार्डी यांच्या संभाषणामुळे ती भारतीय वाचकांना निराळ्या कारणाने परिचित आहे.

अशा संख्या अगणित आहेत, हे आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पोमरन्स यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सिद्ध केले. अपवाद थोडे आहेत, त्यांची यादी करून टाकू, ही वाटही त्यामुळे बंद झाली.

८. उपाधीचा शोध

ओल्या इंधनासारखी नेमकी अट प्रथम एदुआर लुका ह्या फ्रेंच गणितज्ञाला १८७६ मध्ये सापडली. एखाद्या पायाचे घात क्रमाने घेत न ने भागून बाक्या लिहिल्या, तर काही अंतराने १ ही बाकी येते आणि चक्र पुन्हा सुरू होते. फेर्माचे लक्षण एवढेच सांगते की न उणे १ ह्या घाताला बाकी १ येते. लुकाची जादा अट अशी की, तेथे ती पहिल्यांदाच आली पाहिजे. ३४१ च्या बाबतीत १ दहाव्या घातालाच येतो, म्हणून ती ह्या परीक्षेत नापास होते.

३१ साठी पाया ३ घेऊन पाहू. ३ च्या सहाव्या घाताची बाकी १६, दहाव्याची २५, पंधराव्याची ३० आणि तिसाव्याची १. चक्राची लांबी ही ३० चा भाजक असावयाची. ६, १० आणि १५ ह्या तिन्ही ठिकाणी १ आला नाही, त्यामुळे ३० हून लहान सर्व भाजक बाद होतात आणि चक्र पूर्ण ३० चे ठरते. चक्रात ३० निरनिराळ्या बाक्या आल्या आणि त्यांपैकी एकीचाही ३१ शी सामाईक अवयव असू शकत नाही. म्हणजे १ ते ३० मधील प्रत्येक संख्या ३१ शी अवयवरहित आहे. म्हणून ३१ मूळ आहे. एकदाही ३१ ला भागून पाहावे लागले नाही. भाजकांपैकी नेमके कोणते तपासले म्हणजे पुरे, हा नेटकेपणा डी. एच. लेमर यांनी १९२७ मध्ये आणला.

ह्या रीतीला न उणे १ चे मूळ अवयव माहीत असावे लागतात. न अधिक १ चे अवयव वापरणारी तिची भगिनी-पद्धतीही लुकाने विकसित केली. २ च्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यास येणारी संख्या घेतली, तर न अधिक १ चा २ खेरीज दुसरा मूळ अवयवच नाही. ती ३९ अंकी संख्या मूळ आहे, हे त्याने त्याच वर्षी जाहीर केले. त्याच सुमारास त्याने २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केलेली संख्या संयुक्त असल्याचेही दाखविले. मेर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ मानली होती. लुकाला तिचा एकही अवयव ठाऊक नव्हता. ते अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये सादर केले. निर्णय आणि अवयव यांच्यामध्ये २७ वर्षे गेली. संख्या अज्ञात असूनही निर्णय नि:संशय, हे आरंभीच्या परीक्षाप्रश्नातील वैशिष्ट्य येथे इतिहासात उतरलेले दिसते.

व्हॉन प्रॅट यांनी १९७५ मध्ये लुकाच्या कल्पनेचा तार्किक शेवट गाठला. न उणे १ चे अवयव मूळ आहेत कशावरून? त्यांच्यासाठी पुन्हा हीच रीत लावावी, आणि असे खाली उतरत जावे. हा सर्व कागद आश्चर्यकारकपणे आटोपशीर राहतो, हे प्रॅट यांनी सिद्ध केले. प्रत्येक मूळ संख्येला तिच्या मूळत्वाचे लहानसे प्रमाणपत्र असते. ते तपासणे सोपे आहे, मिळविणे मात्र सोपे असेलच असे नाही.

९. मेरुप्रस्तार आणि कानपूर

येथवरच्या इतिहासाचे मर्म पिंगलाच्या छंद:शास्त्राशी निगडित असलेल्या मेरुप्रस्तारात एका दृष्टिक्षेपात दिसते. हलायुधाने दहाव्या शतकात त्याची रचना स्पष्ट केली. शिखरावरील एकट्या १ नंतर ओळी मोजू लागल्यास पाचवी ओळ १, ५, १०, १०, ५, १ अशी आहे. दोन्ही टोकांचे १ सोडून दिले तर उरलेल्या प्रत्येक संख्येला ५ ने भाग जातो. सहावी ओळ १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी. तिच्यातील १५ आणि २० यांना ६ ने भाग जात नाही. सामान्य नियम असा : न मूळ असेल तर आणि तरच न-व्या ओळीतील मधल्या प्रत्येक संख्येला न ने नि:शेष भाग जातो.

आता त्या ओळीतील मधल्या संख्यांची बेरीज किती? २ चा न-वा घात उणे २. म्हणजे पाया २ ची फेर्मा-कसोटी केवळ बेरीज भागली जाते की नाही एवढेच पाहते. खरी अट मात्र प्रत्येक पदाची आहे. ३४१ व्या ओळीत, टोकाचा १ सोडून मोजल्यास, अकराव्या संख्येला ११ नेही भाग जात नाही, मग ३४१ ने कोठला? पण बेरीज जुळते. खतावणीची एकूण बेरीज जुळली म्हणून प्रत्येक नोंद बरोबर असते असे नाही, हे कोणताही जुना कारकून सांगेल.

परंतु न मोठी असता ओळीतील सर्व पदे तपासणे म्हणजे पुन्हा विल्सनचीच अडचण. १९७० नंतरच्या दशकात ह्या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. गॅरी मिलर यांनी १९७६ मध्ये शीघ्र कसोटी दिली, पण तिची निश्चिती रीमानच्या गृहीतकाच्या विस्तारित रूपावर अवलंबून होती आणि ते गृहीतक आजही असिद्ध आहे. मायकेल रेबिन यांनी १९८० मध्ये तिला संभाव्यतेचे रूप दिले. यदृच्छेने निवडलेला प्रत्येक पाया संयुक्त संख्येला निदान चारांत तीन वेळा पकडतो, म्हणून वीस-तीस पाये घेतले म्हणजे व्यवहारापुरती शंका उरत नाही. गुप्तसंदेशांसाठी लागणाऱ्या प्रचंड मूळ संख्या अशाच रीतीने निवडल्या जातात. एका वाटेवर गृहीतक, दुसरीवर संभाव्यता. नि:संशय ‘तरच’ मात्र दोन्हीकडे नाही.

६ ऑगस्ट २००२ रोजी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी तो पुरविला. मेरुप्रस्ताराच्या ओळीमागे जे बीजगणितीय समीकरण आहे, ते संपूर्ण न तपासता त्यांनी त्याची पदे एका लहान संख्येच्या चक्रावर गुंडाळली. चक्राची लांबी र असेल तर दर र पदांनंतरची पदे एकत्र येतात आणि तपासावयाची पदे र एवढीच राहतात. असे केल्याने माहिती गळते आणि एखादी संयुक्त संख्या निसटण्याचा संभव निर्माण होतो, हे उघड आहे. योग्य र घेऊन मोजक्याच पायांनी हीच परीक्षा केली, आणि न ला लहान अवयव नाही व ती कोणत्याही संख्येचा पूर्ण घात नाही एवढे आधी पाहून घेतले, तर गळलेल्या माहितीने निर्णय बिघडत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. र चा आकार आणि पायांची संख्या ही दोन्ही, न किती मोठी यावर नव्हे, तर न मध्ये अंक किती यावर अवलंबून असतात. १०० अंकी संख्येसाठी ‘न’ म्हणजे विश्वातीत मोजणी, पण ‘१००’ म्हणजे यंत्राच्या आवाक्यातील काम. लेख २००४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्याला ग्यॉडेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यक्ष व्यवहारात रेबिन यांची रीत आजही अधिक शीघ्र आहे. कानपूरच्या सिद्धतेचे महत्त्व तिच्या वेगात नाही. किती माहिती सोडून दिली तरी निर्णय अबाधित राहतो, ह्या प्रश्नाचे तिने गृहीतकाविना आणि यदृच्छेविना उत्तर दिले, यात ते आहे.

१०. उपसंहार

फेर्माच्या पत्रापासून कानपूरच्या लेखापर्यंत ३६२ वर्षे झाली. ह्या काळात मूळ संख्येची व्याख्या बदलली नाही. प्रत्येक पिढीने बदलला तो एकच निर्णय : कोणत्या लक्षणाला आपण साक्षीदार मानावे आणि त्याच्या साक्षीला कोठवर पुरेसे समजावे. लायप्निट्सने लक्षणाला सिद्धता मानले, सारूसने एका अपवादाने ती मान्यता काढून घेतली, लुकाने हरवलेली अट जोडली आणि अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनी त्या अटीचे ओझे उचलता येईल एवढे हलके केले. जीन्सच्या टिपणाची कथा हे दाखविते की, गणिताचा इतिहास लिहिणारेही ह्या परीक्षेतून सुटलेले नाहीत. कागदाचे वय ठरवितानाही ‘तर’ आणि ‘तरच’ यांतील अंतर तेवढेच असते.

परीक्षार्थी जेव्हा दोन विधानांपुढे थांबून, हे पुरे आहे काय, असे स्वत:ला विचारतो, तेव्हा उत्तर काढण्याची घाई तो क्षणभर बाजूस ठेवतो. ३४१ ची आकडेमोड दहाव्या घातापर्यंतच होती. ती करण्याआधी हवी होती ती एवढीच थांबण्याची सवय.